पांढरी पाचमधली घरघर आणि बेस गिटारचे नवे पिकअप

वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. मात्र गेल्या वर्षी दादरच्या एका नाट्यगृहात ते नको त्या कारणाने माझ्याकडे वळले. एक संथ भावगीत सुरू व्हायचे होते, निवेदिकेचे शेवटचे वाक्य संपले, दिवे अर्ध्यावर उतरले आणि त्या शांततेत माझ्या गिटारची घरघर सभागृहभर पसरली. साउंडवाल्याने घाईने मिक्सरवरचा माझा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, खाली ओढला, त्यामुळे गाण्याच्या पहिल्या ओळीत बेस कोणालाच ऐकू आला नाही. मध्यंतरात तो मला म्हणाला, "ताई, एक तर गिटार बदला, नाही तर उभं राहायची दिशा बदला." त्याच्या दुसऱ्या सूचनेत तथ्य होते, कारण गिटार थोडी तिरकी धरली की घरघर खरोखरच कमी होत असे. उरलेला कार्यक्रम मी विंगेकडे तोंड करून वाजवला आणि घरी परतताना लोकलमध्ये ठरवले की आता पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे गिटारमधले भाग, बदलायचे.

माझी गिटार जॅझ बेस धाटणीची आहे. फेंडर कंपनीने १९६० साली आणलेल्या मूळ वाद्याबरहुकूम तिच्यात दोन पिकअप आहेत, एक नेककडे, म्हणजे गिटारच्या मानेकडे, आणि एक ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडे. प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम आहे आणि दोघांत मिळून एक टोन. नेककडचा पिकअप गोल, भरीव बोलतो. ब्रिजकडचा थोडा नाकात बोलतो, पण गर्दीतून वाट काढतो, आणि अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियसच्या १९६२ सालच्या फ्रेटलेस (मानेवर फ्रेट, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्या, नसलेल्या) जॅझ बेसचा जो आवाज जगभरच्या बेसवाल्यांच्या कानात बसला आहे, तो मुख्यतः या ब्रिजकडच्या पिकअपचा. दोन्ही पिकअप एकेका गुंडाळीचे असतात, म्हणजे सिंगल कॉइल. पण जोडीतल्या एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने दिलेले असतात आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे असतात. त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तारांचा आवाज एकमेकांत मिळतो, बाहेरून आलेली घरघर मात्र एकमेकींना छेदते.

मग दोन्ही उघडेच का ठेवायचे नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारेल, आणि मीही पहिली काही वर्षे तेच केले. पण दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना मधल्या पट्टीतले काही स्वरांश एकमेकांना खातात. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज मोठा देखणा वाटतो, परंतु ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात यांच्या जोडीला उभे राहिले की बेस नाहीसा होतो. जुन्या मराठी गाण्यांना मला फक्त नेककडचा पिकअप लागतो, लावणीला बहुतेक वेळा फक्त ब्रिजकडचा, आणि एकच पिकअप उघडला की घरघरीला आडकाठी करणारे कोणी उरत नाही.

घरघर येते कुठून, हे समजून घेतल्याखेरीज पैसे खर्च करायचे नाहीत, असे मी ठरवले होते. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की ते क्षेत्र हलते आणि गुंडाळीत वीज उपजते. मायकेल फॅराडेने १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व आहे. पण गुंडाळीला आपली तार आणि परके क्षेत्र यांतला फरक कळत नाही. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा भिंतीतल्या वायरिंगचे क्षेत्रही ती तितक्याच इमानाने ऐकते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या खर्जाच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी वाजतो तो ४९ हर्ट्झचा, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच. आपली घरघर ही अशी पांढरी पाच आहे, फक्त अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढी. गाणे पांढरी पाचमध्ये असले की कोणी तंबोरा किंचित चढा लावून ठेवल्यासारखे वाटते आणि गायकाच्या कपाळावर आठी उमटते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडते. तिथल्या वादकांना निदान ती कुठल्या स्वराशी भांडते याचा विचार करावा लागत नसेल.

नाट्यगृहात यात डिमरची भर पडते. दिवा मंद करण्यासाठी डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापून टाकतो, आणि दिवा अर्ध्यावर असताना तो काप सर्वात उंच जागी बसतो. अशा तीक्ष्ण कापातून ५० हर्ट्झच्या पटीतले असंख्य स्वर निर्माण होतात आणि घरघर नुसते गुंजन न राहता तिचा चरचरीत आवाज होतो. म्हणजे गाणे जितके हळवे, तितके दिवे मंद, आणि दिवे जितके अर्ध्याच्या जवळ, तितकी माझी गिटार मोठ्याने घरघरणार. प्रकाशयोजनाकाराचा यात काडीचाही दोष नाही.

इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली, जी आधी कळली असती तर बरेच दिवस वाचले असते. 'घरघर' या एका नावाखाली दोन वेगळे आवाज राहतात. एक चुंबकीय: खोल, गोल गुंजन, जे गिटारची दिशा बदलली की कमी-जास्त होते. दुसरा विद्युत क्षेत्रामुळे येणारा चरचराट: तो दिशेला फारसा जुमानत नाही, पण तारांना हात लावला की उतरतो, कारण आपले शरीरच अँटेनासारखे तो गोळा करत असते आणि तारांमार्फत ते अर्थला जोडले जाते. माझ्या गिटारमध्ये दोन्ही होते. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर फक्त खिसा हलका होतो.

हात लावल्यावर आवाज उतरण्याऐवजी वाढत असेल, किंवा तारा आणि माइक यांना एकाच वेळी स्पर्श झाल्यावर ओठांना झिणझिण्या येत असतील, तर तो पिकअपचा प्रश्न नव्हे. तिथे अर्थिंग बिघडलेले आहे आणि वाजवणे ताबडतोब थांबवून वीज पाहणाऱ्या माणसाला बोलवायला हवे. मांडवात ओढलेल्या तात्पुरत्या वायरिंगचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना मी काय म्हणते आहे ते कळेल.

पिकअपच्या निवडीत माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, त्याच जातीचे पण चांगल्या प्रतीचे सिंगल कॉइल. आवाज सुधारेल, घरघर तशीच राहील. दुसरी, ईएमजीसारखे अॅक्टिव्ह पिकअप, ज्यांच्या आतच प्रीअँप, म्हणजे छोटा अँप्लिफायर, असतो, ज्यांना ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि ज्यांच्यासाठी पॉटही (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे फिरते रोधक) २५० किलोओहमचे काढून २५ किलोओहमचे बसवावे लागतात. ते अतिशय शांत असतात यात वाद नाही, पण तिसऱ्या अंकात बॅटरी संपण्याची कल्पना मला सहन होत नाही. तिसरी वाट, जॅझ बेसच्याच खोबणीत बसणारे, पण आतून दोन गुंडाळ्यांचे पिकअप. त्यातही दोन पोटजाती आहेत. एकीत गुंडाळ्या एकीवर एक रचतात, दुसरीत शेजारीशेजारी ठेवतात, म्हणजे ई आणि ए तारांखाली एक, डी आणि जी तारांखाली दुसरी, आणि दोघींचे वेढे व चुंबक परस्परविरुद्ध. ही दुसरी कल्पना नवी नाही. फेंडरने आपल्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसचा पिकअप १९५७ साली याच रीतीने दोन तुकड्यांत विभागला. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिटारसाठी घरघर मारणारा दुहेरी पिकअप तयार केला होता, पण त्यात दोन्ही गुंडाळ्या सगळ्या तारांखालून जातात. बेससाठी मला फेंडरची वाटणीची पद्धत अधिक सोपी आणि सरळ वाटते, आणि मी तीच निवडली.

मागवण्याआधी गिटार उघडली. बाबा आयुष्यभर फिटर होते आणि त्यांची व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची पट्टी, अजून कपाटात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली असते. ती हातात देत ते एवढेच म्हणाले, "आधी माप घे, मग पैसे भर." त्यांचे ऐकले म्हणून बरे झाले. मूळ मापाच्या जॅझ बेसमध्ये नेककडचा पिकअप साधारण ९२ मिलिमीटर लांब आणि ब्रिजकडचा साधारण ९५ मिलिमीटर लांब असतो, आणि बाजारात जोडी बहुधा याच हिशेबाने मिळते. माझ्या गिटारच्या दोन्ही खोबणी मात्र ९२ च्याच निघाल्या. नेहमीची जोडी आली असती तर ब्रिजकडचा पिकअप ३ मिलिमीटरने अडला असता आणि मला लाकडाला कानस लावावी लागली असती. काही कंपन्या दोन्ही आखूड किंवा दोन्ही लांब अशा जोड्याही देतात. मी आखूड जोडी शोधून मागवली आणि ती येईपर्यंत आवरणाचे, म्हणजे शिल्डिंगचे काम उरकायचे ठरवले.

आत पाहण्यासारखे दृश्य होते. बारा पावसाळे आणि खारी हवा सोसून जॅकच्या, म्हणजे वायर खुपसायच्या भोकाच्या, पत्र्यावर हिरवट थर चढला होता, कंट्रोल प्लेटच्या एका स्क्रूचे डोके इतके गंजले होते की स्क्रूड्रायव्हर त्यात फिरून गेला, आणि पिकअपखालचा फोम बोटाला चिकटेल असा वितळला होता. तो फोम पिकअपला खालून उचलून धरण्यासाठी असतो. तो बसला की पिकअपही बसतो आणि वादक मात्र आवाज का मेला म्हणून अँप्लिफायर बदलत राहतो. त्याच्या जागी मी जुन्या स्लीपरच्या तळाचे रबर कापून घातले. याहून चांगले साहित्य विकत मिळत असेल, पण हे दाबले की परत वर येते आणि दमट हवेला दाद देत नाही.

तांब्याची चिकटपट्टी आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरणाऱ्या कोणालाही ते नाव घेताना मी ऐकलेले नाही. पट्टी घेताना एक गोष्ट दुकानातच तपासावी: तिचा गोंद वीज वाहून नेतो का? एका तुकड्यावर दुसरा तुकडा चिकटवून दोघांवर मल्टिमीटरची टोके ठेवली की कळते. गोंद वाहक नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्यावा लागतो. पॉटही तिथेच घेतले. "काका, अडीचशे केचा पॉट द्या," म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी उलट विचारले, "लॉग की लिनियर?" व्हॉल्यूमसाठी लॉगच घ्यावा, कारण कानाला आवाजाची वाढ पटीत कळते. लिनियर पॉटमध्ये सगळा फरक फिरकीच्या एका टोकाशी गोळा होतो आणि बाकीची फिरकी नुसतीच फिरते. पॉटच्या मानेची जाडीही मोजून घ्यावी. अमेरिकन मापाच्या पॉटची मान साधारण ९.५ मिलिमीटर असते आणि आशियात बनलेल्या गिटारच्या प्लेटची भोके बहुधा त्याहून लहान असतात.

टोनचा कपॅसिटर मी बदलला नाही. तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा होता, अंगावर ४७३ असा आकडा छापलेला, आणि मोजल्यावर ठीक भरला. तेलात बुडवलेल्या कागदाचे जुने कपॅसिटर लावले की आवाजात मधाळपणा येतो, असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. पिकअपमधून निघणाऱ्या एवढ्याशा व्होल्टेजला कपॅसिटरचे मूल्य कळते, त्याचे कूळ कळत नाही, असे माझे मत आहे.

खोबणींना आतून तांब्याचे अस्तर लावायला दोन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक खोबणीतले अस्तर अर्थला जोडले गेलेच पाहिजे, नाही तर ते नुसते शोभेचे राहते. जॅकचे गरम, म्हणजे सिग्नलचे, टोक जिथे अस्तराला टेकण्याचा संभव होता, तिथे इन्सुलेशन टेप लावली. तिथे टेकले तर गिटार पूर्ण मुकी होते. जुनेच पिकअप परत बसवून गिटार लावली तेव्हा चरचराट जवळजवळ गेला होता आणि खोल गुंजन मात्र होते तसेच होते. हे अपेक्षितच होते. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांब्याने अडवायचे तर तांबे सुमारे ९ मिलिमीटर जाड हवे, तेव्हा कुठे क्षेत्र एक तृतीयांशाच्या आसपास उतरते. चिकटपट्टीची जाडी मिलिमीटरच्या अंशांत असते. गुंजनाला ती दिसतही नाही.

तरीही ज्यांची तक्रार मुख्यतः चरचराटाची आहे, त्यांनी पिकअप मागवण्याआधी हे एवढे काम करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. खर्च पिकअपच्या मानाने किरकोळ आहे.

जोडी आली. बसवताना पहिला धडा सोल्डरिंग आयर्नने दिला. माझे २५ वॉटचे आयर्न तारांच्या टोकांना पुरते, पण पॉटच्या पाठीवर अर्थची तार जोडायची तर तो सगळा पत्राच उष्णता पिऊन टाकतो, सोल्डर गोळ्यासारखा वर बसतो आणि दोन दिवसांनी निघून येतो. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासून, तारेच्या टोकाला आणि पाठीलाही आधी वेगवेगळी कल्हई करून, मग बाबांच्या ६० वॉटच्या आयर्नने तीन-चार सेकंदांत काम उरकले. अधिक वेळ टेकवले तर पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजतो. दुसरी काळजी पिकअपची. स्क्रू पिळताना स्क्रूड्रायव्हर निसटून गुंडाळीवर एक ओरखडा गेला तरी केसाएवढी तार तुटते आणि पिकअप संपतो. म्हणून त्या वेळी मी गुंडाळीच्या बाजूला पुठ्ठा धरला होता.

रात्री अकरा वाजता गिटार जोडली. नेककडचा एकटा उघडला, उत्तम. ब्रिजकडचा एकटा, उत्तम. गुंजन कुठेही नाही. मग दोन्ही पूर्ण उघडले आणि आवाज ट्रान्झिस्टर रेडिओसारखा चिरका आणि पोकळ झाला. खर्ज गेलाच. क्षणभर वाटले की नव्या पिकअपपैकी एक सदोष आहे, आणि कंपनीला लिहायच्या पत्राचा मजकूरही मनात तयार झाला.

दोष माझाच होता. दोन्ही पिकअप एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते, म्हणजे एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. पांढरी तार सिग्नलची आणि काळी अर्थची, हे पाठ असूनही ट्यूबलाइटच्या सावलीत मी एका पिकअपच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. जुन्या सिंगल कॉइलच्या जोडीत हीच चूक झाली असती तर आवाज पातळ होण्याबरोबरच घरघरही वाढली असती, कारण एक जोडणी उलटली की एकमेकींना छेदणाऱ्या घरघरी एकत्र येतात. नव्या जोडीत प्रत्येक पिकअप स्वतःची घरघर स्वतःच मारतो, म्हणून फक्त खर्ज गेला. लक्षणांतला हा फरक ध्यानात असेल तर निदान लवकर होते.

हे सगळे सोल्डर करण्याआधीच तपासता येते, आणि मी ते केले नाही याची खंत आहे. काट्याचा जुना मल्टिमीटर घ्यावा, तो सर्वात लहान डीसी व्होल्टेजवर ठेवावा, लाल टोक पिकअपच्या सिग्नलच्या तारेला आणि काळे अर्थच्या तारेला लावावे. मग पिकअपवर स्क्रूड्रायव्हरचे पोलादी पाते टेकवून झटकन उचलावे. काटा क्षणभर एका बाजूला उडी मारतो. दुसऱ्या पिकअपवर तसेच करताना काट्याने त्याच बाजूला उडी मारली पाहिजे. विरुद्ध बाजूला गेला तर एका पिकअपच्या तारा अदलाबदल कराव्या लागतील. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवणाऱ्यांनी तर ही परीक्षा चुकवूच नये, कारण चार तारांच्या पिकअपमध्ये रंगांचा संकेत कंपनीगणिक बदलतो. सीमोर डंकनच्या पिकअपमध्ये सिग्नलची तार काळी असते, डिमार्झिओच्या पिकअपमध्ये लाल, आणि काळी मात्र दोन गुंडाळ्यांच्या जोडणीत जाते. एका कंपनीचा नकाशा समोर ठेवून दुसरीचा पिकअप जोडला तर काय होईल ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तारा बदलल्या, खर्ज परत आला, आणि मग उंचीचे काम सुरू झाले. या कामाला मी अर्धा तास धरला होता, प्रत्यक्षात आठवडा लागला. पिकअप तारांच्या जितका जवळ तितका आवाज मोठा, पण फार जवळ गेला तर चुंबक तारेलाच ओढू लागतो. वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो, एकाच सुरात दोन सूर ऐकू येतात, आणि माणूस ब्रिजवरचे इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका येण्यासाठीची तारेची लांबी, लावत बसतो. चार तारांचा समतोलही उंचीनेच सांभाळायचा असतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजता माझ्याकडे ई तारेच्या बाजूला ३ मिलिमीटर आणि जी तारेच्या बाजूला २.५ मिलिमीटर इथे गणित जमले, आणि ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर वर ठेवावा लागला, कारण ब्रिजजवळ तार कमी हलते. हे आकडे माझ्या तारांचे आणि माझ्या हाताचे आहेत. ते आरंभ म्हणून घ्यावेत, उत्तर म्हणून नव्हे.

प्रत्येक टप्प्यावर मी एकच आठ मात्रांचा तुकडा, त्याच तारांवर, संगणकात ध्वनिमुद्रित करून ठेवत होते: मूळ अवस्था, अस्तरानंतर, नव्या पिकअपनंतर, आणि उंची लावल्यानंतर. भाच्याला ते चारही तुकडे क्रम बदलून ऐकवायला सांगितले आणि कोणता कोणता ते ओळखायचा प्रयत्न केला. शांतता लगेच ओळखता आली. वादनाच्या मधल्या विरामात मूळ अवस्थेतला तुकडा लपूच शकत नव्हता. आवाजाच्या रंगाचे मात्र वेगळेच निघाले. जुने आणि नवे पिकअप मी तीनदा ऐकून दोनदा बरोबर ओळखले, म्हणजे ते नाणेफेकीपेक्षा फार बरे नव्हे. नव्यांत वरचे स्वर थोडे कमी चमकतात आणि मधला भाग थोडा भरलेला आहे, एवढेच. उंची लावण्याआधीचा आणि नंतरचा तुकडा मात्र प्रत्येक वेळी ओळखता आला. पिकअपच्या आवाजाबद्दल मी आजवर ज्या आत्मविश्वासाने बोलत आले, त्यातला बराच भाग बहुधा उंचीबद्दलच होता.

याच ओघात ओहमच्या आकड्याबद्दल. जुने पिकअप मल्टिमीटरवर ७.२ आणि ७.६ किलोओहम दाखवत होते, नवे दोन्ही १० च्या थोडे वर. पिकअप विकणारे हा आकडा ताकदीचे माप म्हणून ठळक छापतात. पण तार बारीक घेतली तरी रोध वाढतो, वेढे वाढवले तरी वाढतो, आणि चुंबक अल्निकोचा आहे की सिरॅमिकचा याबद्दल ओहम काहीच बोलत नाही. त्यावरून आवाज ठरवणे म्हणजे पोत्याच्या वजनावरून आतल्या तांदळाची जात सांगणे. गुंडाळी तुटलेली नाही हे तपासायला मात्र तो आकडा उत्तम, आणि पिकअप हाती आल्याबरोबर मोजून लिहून ठेवावा.

नव्या जोडणीनंतर पहिला कार्यक्रम पार्ल्याच्या एका सभागृहात झाला. दिवे उतरले, मी अंग चोरून वाट पाहिली, आणि माझ्या बाजूने काहीच आले नाही. एक मंद गुंजन मात्र अजून होतेच. साउंडवाल्याने एकेक फेडर खाली करत ते कीबोर्डच्या अडॅप्टरपर्यंत शोधून काढले आणि प्लग दुसऱ्या बोर्डावर हलवला. इतकी वर्षे ते माझ्या घरघरीखाली सुखाने लपून बसले होते.

जुने पिकअप, त्यांचे ओहम लिहिलेल्या चिठ्ठीसह, एका डब्यात ठेवले आहेत. भाच्याने स्वतःच्या गिटारसाठी ते मागितले आहेत. कंट्रोल प्लेटच्या आतल्या बाजूला कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर कोणती तार कुठे जाते, दोन्ही पिकअपची उंची आणि काम केल्याची तारीख पेन्सिलीने लिहिली आहे. टोनचा पॉट या पावसाळ्यात पुन्हा थोडा खरखरू लागला आहे. त्याच्यासाठी प्लेट उघडेन, तेव्हा त्या तारखेखाली दुसरी तारीख पडेल.